परसातली ढाबळ

मी कबुतरं पाळतो असं सांगितलं, की पूर्वी लोक विचारायचे, "चिठ्ठ्या नेतात का हो?" आता कुणी तसं विचारत नाही, दोन पावलं मागे सरकतात. २०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून गदारोळ झाला, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला, प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं. त्याच दिवसांत मिरजेतल्या आमच्या गल्लीतल्या एका शेजाऱ्यानं मला फाटकाशी थांबवून विचारलं, "काका, तुमच्याकडची ती, त्यांचं काय करणार मग?" प्रश्न रास्त होता. त्यांच्या घरात चार महिन्यांचं बाळ आहे. मी त्यांना चहाला बोलावलं आणि ढाबळ दाखवली. त्या दिवशी त्यांना जे सांगितलं, तेच आज जरा विस्तारानं सांगणार आहे.

ढाबळ म्हणजे कबुतरांचं घर. हा शब्द आता मागे पडत चाललाय, पण आमच्याकडे जुनी माणसं अजून तोच वापरतात. मला ही विद्या शिकवली गल्लीतल्या एका चाचांनी. ते तंतुवाद्यं बनवायचे. भोपळे वाळत घातलेल्या त्यांच्या अंगणात वर पत्र्याची एक खोली होती आणि तीत तीस-चाळीस कबुतरं. मी बारा वर्षांचा असेन. एकदा मूठभर ज्वारी उधळली, तर त्यांनी माझा हात धरला. "बाळा, दाणे कुणीपण टाकतंय. मोजून टाकतो तो कबुतरवाला." तेव्हा वाटलं, म्हातारा चिक्कू आहे. हे मोजणं नुसत्या दाण्यांचं नाही, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

आधी पक्ष्याची ओळख करून घेऊ. जगातली सगळी पाळीव कबुतरं एकाच रानपक्ष्यापासून आली, तो म्हणजे आपला पारवा. निळसर राखी अंग, पंखावर दोन काळे पट्टे, मानेवर हिरवी-जांभळी झाक. पारवा मूळचा कड्याकपारीतला. त्याला झाड लागत नाही, लागते ती खोबण. म्हणून तर किल्ल्याची तटबंदी, देवळाचं शिखर आणि आपल्या इमारतीतला वातानुकूलन यंत्रामागचा कोनाडा त्याला सारखाच. चार्ल्स डार्विननं १८५५पासून इंग्लंडमधल्या आपल्या घरी कबुतरं पाळली. लंडनमधल्या कबुतरवाल्यांच्या मंडळांत तो सभासद होऊन बसायचा. मद्रासेतून वॉल्टर एलियट यांनी त्याला हिंदुस्थानी कबुतरांचे नमुने पाठवले होते. शेपटीचा पंखा उभारणारा लक्का, हवेत कोलांट्या मारणारा गिरेबाज, गळा फुगवणारी जात, अशा एकमेकांशी सुतराम संबंध दिसणार नाही अशा जाती त्यानं एकमेकींत मिसळल्या. दोन पिढ्यांत काही पिल्लं चक्क निळी, पंखावर दोन पट्टे असलेली निघाली. आजोबांच्या चेहऱ्याचं नातवंड निघावं, तशी! १८५९ साली आलेल्या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात कबुतरं आहेत ती यामुळे. तिथंच तो एक साधी गोष्ट सांगतो. कबुतरांची जोडी जन्मभर जमते, त्यामुळे एकाच खोलीत अनेक जाती ठेवल्या तरी त्यांची सरमिसळ होत नाही. ढाबळीचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे.

तर ढाबळ. माझी सध्याची परसात आहे, आठ फूट बाय सहा फूट, जमिनीपासून दोन फूट वर लाकडी खांबांवर. वर अशासाठी, की खालून घुशी-उंदीर येऊ नयेत आणि ओल चढू नये. तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन आत येतं. समोरच्या बाजूला जाळी, अर्ध्या इंचाची. त्याहून मोठ्या भोकातून उंदराचं पिल्लू सहज जातं. मागची भिंत बंद, पण छताखाली वारा खेळायला फट. कबुतराला थंडी फारशी बाधत नाही, झोतही थोडाफार चालतो. कोंदट, दमट हवा मात्र मारते. बसायला गोल दांडा नको, सपाट फळी हवी, कारण तो कड्यावर बसणारा पक्षी आहे. प्रत्येक जोडीला दोन फूट लांबीचा एक खण, आणि त्या खणात एक नाही, दोन मातीच्या परळ्या. दोन का, ते पुढं येईल. घरटं बांधायला मी खराट्याच्या काड्या आणि कडुनिंबाच्या वाळक्या डहाळ्या कोपऱ्यात टाकून ठेवतो. नर एकेक काडी निवडून आणतो आणि बसलेल्या मादीपुढं ठेवतो. तिला पटली तर ती अंगाखाली घेते, नाही तर नुसती बघत बसते. तो पुन्हा जातो.

खाणं साधं आहे. एका कबुतराला दिवसाला ३० ते ३५ ग्रॅम, वजनाच्या साधारण एक दशांश. ज्वारी, बाजरी, गहू, मका, आणि त्यात चौथा हिस्सा तरी कडधान्य: मूग, मसूर, वाटाणे. पिल्लं असतील तेव्हा कडधान्य वाढवायचं. दाणे गिळणाऱ्या पक्ष्याला दात नसतात, दळायचं काम पोटातल्या खड्यांवर. म्हणून विटेचा चुरा, शिंपल्यांचा चुरा आणि किंचित मीठ वेगळ्या वाडग्यात कायम हवं. अंडी घालणाऱ्या मादीला तर चुना लागतोच. पाण्याचं भांडं खोल असावं. इतर बहुतेक पक्षी चोचीत घोट घेऊन मान वर करतात. कबुतर चोच बुडवून गुरासारखं सलग पाणी ओढतं. आणि आठवड्यातून दोनदा घमेल्यात अंघोळ. ती त्यांना मनापासून आवडते.

आता जोडी. नर आणि मादी ओळखणं हे नवशिक्याचं पहिलं संकट. दिसायला सारखीच. नर घुमतो, गळा फुगवतो, गोल फिरतो, शेपूट जमिनीवर घासतो. पण अंगात आलं तर मादीही घुमते. जोडी आपण ठरवली असेल तर दोघांना एकाच पेटीत, मध्ये जाळी घालून, आठवडाभर शेजारी ठेवायचं. एकमेकांच्या जवळ येऊन बसू लागली की जाळी काढायची. घाई केली तर नर मादीचं डोकं सोलून काढतो. शांततेचं प्रतीक वगैरे ठीक आहे, पण बंद पेटीत हा पक्षी किती निष्ठुर होतो, ते मी पाहिलंय.

जमल्यावर आठ-दहा दिवसांत पहिलं अंडं येतं, बहुधा संध्याकाळी. दुसरं एक दिवस सोडून, दुपारी. मध्ये साधारण ४४ तास. दोनच. घरट्यात चार अंडी दिसली तर आनंदू नका, दोन्ही माद्या आहेत! कुणी नर नसला तर माद्या एकमेकींशी जोडी जमवतात आणि दोघी अंडी घालतात, अर्थात ती पोकळ. १९३९ साली हॅरिसन मॅथ्यूज या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं तर एकट्या मादीपुढं आरसा ठेवला, आणि तिनं अंडं घातलं. सोबत दिसली की शरीर तयारीला लागतं, असा त्याचा अर्थ.

पहिल्या अंड्यावर मादी नुसती उभी राहते, ऊब देत नाही. दुसरं आलं की खरं बसणं सुरू. त्यामुळे दोन्ही पिल्लं जवळजवळ एकदमच निघतात. बसण्याची पाळी ठरलेली असते. सकाळी उशिरापासून दुपार उलटेपर्यंत नर, बाकीचा सगळा वेळ आणि पूर्ण रात्र मादी. पाचव्या-सहाव्या दिवशी अंधारात अंड्यामागं बॅटरी धरली, की आत लाल शिरांचं कोळिष्टक दिसतं. नाही दिसलं तर अंडं पोकळ. सतरा-अठरा दिवसांनी पिल्लू बाहेर येतं. पंधरा-वीस ग्रॅमचं, आंधळं, पिवळट लव असलेलं. खरं सांगायचं तर कुरूप.

आणि इथं या पक्ष्याची सगळ्यात नवलाची गोष्ट सुरू होते. हे पिल्लू दूध पितं. आईचं, आणि बापाचंही. अंडी उबवण्याचा काळ अर्ध्याच्या पुढं सरकला, की दोघांच्या गळ्यातल्या पिशवीचं आतलं अस्तर जाड होऊ लागतं. पिल्लू निघायच्या सुमाराला त्या अस्तराच्या पेशी सुटून पनीरच्या चुऱ्यासारखा पदार्थ तयार होतो. त्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर, साखर जवळजवळ नाहीच. पहिले तीन-चार दिवस पिल्लाला फक्त हेच. त्यानंतर हळूहळू त्यात भिजलेले दाणे मिसळू लागतात. हे घडवून आणणारं संप्रेरक म्हणजे प्रोलॅक्टिन, बाळंतिणीच्या अंगावर दूध आणणारं तेच. ऑस्कर रिडल या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात त्याचं बारसं केलं, ते कबुतराच्या गळ्यावर प्रयोग करून. पक्ष्यांमध्ये असं दूध आणखी करतात ते रोहित, म्हणजे ठाण्याच्या खाडीत येणारे फ्लेमिंगो, आणि एम्परर पेंग्विनचे नर.

याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घ्या. दूध ठरल्या दिवशीच येतं. उबवायला बसून आठच दिवस झालेल्या जोडीखाली दुसऱ्याचं निघालेलं पिल्लू सरकवलं, तर ती त्याला घेईल कदाचित, पण पाजणार काय? एकाची अंडी दुसऱ्याखाली द्यायची तर दोघांच्या तारखा एक-दोन दिवसांच्या आतबाहेर हव्यात. म्हणून ढाबळीत खडू आणि पाटी लागते. माझ्या पाटीवर खणाचा आकडा आणि दुसऱ्या अंड्याची तारीख, एवढंच असतं.

दीड-दोन दिवसांत पिल्लाचं वजन दुप्पट होतं. सातव्या-आठव्या दिवशी पायात कडं घालायचं. पुढची तीन बोटं कड्यातून ओवायची, मागचं बोट पायाशी चिकटवून कडं वर सरकवायचं, मग ते बोट अलगद सोडवायचं. दहावा दिवस उलटला की कडं जात नाही. चार-पाच आठवड्यांत पिल्लू पंखावर येतं. पण आईबाप तोवर थांबत नाहीत. पिल्लं दोन-अडीच आठवड्यांची असतानाच मादी शेजारच्या परळीत पुन्हा अंडी घालते. दुसरी परळी ठेवायची ती यासाठी. नसेल तर ती त्याच घरट्यात घालते, आणि पिल्लं ती तुडवतात.

रंगांचं एक गंमतशीर गणित सांगतो. निळा नर आणि राखी-तांबूस मादी अशी जोडी लावली, तर सगळे मुलगे तांबूस निघतात आणि सगळ्या मुली निळ्या. हा रंग पक्ष्यांच्या लिंगसूत्रावर बसलेला असतो. मुलीला ते एकच सूत्र मिळतं, तेही बापाकडून. चाचांना सूत्रबित्र माहीत नव्हतं. पण पिसं फुटताच ते बोट दाखवून सांगायचे, "हा नर, ही मादी." मला ती जादू वाटायची.

चिठ्ठ्यांचं विचारणारे आता कमी झाले, तरी तेही सांगतो. कबुतर कुठंही पाठवता येत नाही. ते फक्त घरी परततं. ओडिशा पोलिसांनी १९४६ साली लष्कराकडून कबुतरं घेऊन टपालसेवा उभी केली. तिथं कबुतरं आधी टोपल्यांतून दूरच्या ठाण्यावर न्यायची, आणि निरोप बांधून तिथून सोडायची. १९९९च्या महाचक्रीवादळात तारा तुटल्या, तेव्हाही ती उपयोगी पडली. घरचा रस्ता शोधायला ती सूर्य, पृथ्वीचं चुंबकत्व, हवेतले वास यांचा आधार घेतात. ओळखीच्या भागात तर रस्त्यांच्या कडेकडेनं उडतात, असं अंगावर बसवलेल्या जीपीएस यंत्रांतून दिसलंय. पाळणाऱ्यानं यातून एवढंच घ्यायचं: बाजारातून आणलेलं मोठं कबुतर सोडू नये, ते जुन्या मालकाकडं जातं. त्याला जन्मभर आत ठेवायचं आणि त्याची पिल्लं सोडायची. पाच-सहा आठवड्यांची पिल्लं, संध्याकाळी, उपाशीपोटी. डबा खुळखुळवला की उतरतात. आणि हे सगळं पारव्याच्या वंशाबद्दल बरं का. होला किंवा आपला राज्यपक्षी हरियाल हे रानपक्षी; त्यांना पिंजऱ्यात घालणं १९७२च्या वन्यजीव कायद्याविरुद्ध आहे.

आता मोजण्याकडं येतो. जोडीला मोकळं सोडलं आणि खायला भरपूर दिलं, तर वर्षाला पाच-सहा वेळा पिल्लं होतात. ती पिल्लंही सहाव्या महिन्यात जोड्या जमवतात. सहा जोड्यांचं काय होईल, हिशेब आपणच करा. तीच गोष्ट शहरातल्या मोकळ्या पारव्यांची. दाणा बारमाही असला की वीण बारमाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरानं वर्षानुवर्षं कबुतरं मारून पाहिली. संख्या पुन्हा तेवढीच व्हायची. १९८८पासून लोकांना दाणे टाकू नका म्हणून समजावणं सुरू केलं, तेव्हा चारेक वर्षांत संख्या निम्म्यावर आली. जर्मनीत आउग्सबुर्गमध्ये १९९०च्या दशकापासून वेगळी वाट धरली आहे. शहरातच ढाबळी बांधायच्या, तिथं दाणापाणी द्यायचं आणि अंडी बदलून खोटी ठेवायची. मुंबईच्या वादात दोन्ही बाजूंचं बोलणं मी ऐकलं. कबुतरांना उपाशी मारा म्हणणारे मला पटत नाहीत. पण चौकात पोती रिकामी करणाऱ्याला मी भूतदयावादीही म्हणणार नाही. त्या पक्ष्याच्या पुढच्या पिढीची जबाबदारी त्यानं कुठं घेतलेली असते?

खोट्या अंड्यांची युक्ती घरीही तीच. नुसती अंडी काढून घेतली तर मादी आठ-दहा दिवसांत पुन्हा घालते, आणि असं तीन-चारदा झालं की तिच्या हाडातला चुना संपतो, पाय लुळे पडतात. माझ्या हातून सुरुवातीला एक मादी अशी गेली. म्हणून खरी अंडी काढून तिथं लाकडाची ठेवायची. जोडी पाळीपाळीनं त्यांवर बसते. विसाव्या-एकविसाव्या दिवशी, काही होत नाही हे कळून, आपणहून उठते. तेवढी तिला विश्रांती. पावसाळ्यात तर मी नर-मादी वेगळेच करतो. तेव्हा पिसं झडत असतात, डास देवी पसरवतात, हवा दमट असते. तेव्हाची पिल्लं निकोप होत नाहीत.

राहिला शेजाऱ्यांचा खरा प्रश्न, छातीचा. तो मी टाळणार नाही, कारण तो माझाही आहे. २०१४पर्यंत माझी ढाबळ जिन्याखालच्या बंद खोलीत होती आणि तीत बेचाळीस कबुतरं. दर रविवारी सकाळी मी ती झाडायचो, कोरडीच, तोंडाला काही न बांधता. रविवारी संध्याकाळी कणकण, खोकला, धाप, मंगळवारपर्यंत बरं. दोन वर्षं हे ऋतुमानावर ढकललं. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी तपासताना एकच प्रश्न विचारला, "घरात पक्षी आहेत का?" कबुतराच्या पिसांवर पावडरीसारखी भुकटी असते. ती आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून खोल जाते. काही जणांचं शरीर त्यातल्या प्रथिनांविरुद्ध पेटून उठतं. धूळ गेल्यावर चार ते आठ तासांनी त्रास सुरू होतो, म्हणून कारण लक्षात येत नाही. तसंच चालू राहिलं तर फुप्फुस कडक होतं, आणि कडक झालेलं फुप्फुस पूर्ववत होत नाही. त्याशिवाय विष्ठेत वाढणाऱ्या बुरशीचा धोका वेगळा. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी तर लांबच राहावं.

डॉक्टर म्हणाले, सगळी देऊन टाका. मी छत्तीस... नाही, तीस दिली. बारा ठेवली. डॉक्टरांच्या हिशेबी ही तडजोडच आहे, आणि ते मला दर भेटीत तसं सांगतात. जिन्याखालची खोली बंद केली, परसात जाळीची उघडी ढाबळ बांधली, कुणाच्याच खिडकीशी नाही. तेव्हापासून मी आत पाऊल टाकलेलं नाही. माझा पुतण्या जातो. रोज एकदा, आधी पाणी शिंपडून, मग पत्र्यानं खरवडायचं. झाडू कोरडा कधी फिरवायचा नाही. तोंडाला एन-९५ मुखपट्टी, अंगात वेगळा सदरा, तो घरात आणायचा नाही. मुखपट्टीनं धोका कमी होतो, शून्य होत नाही. त्याची छाती दरवर्षी तपासून घेतो. कणकण आली तर त्याच दिवशी ढाबळ बंद, हे आमचं ठरलेलं आहे. शेजाऱ्यांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाळाला परसाकडे आणणार नाही, चालेल ना?" मी म्हटलं, आणूच नका.

आता रोज सकाळी मी खुर्ची टाकून परसात बसतो, वारा ढाबळीकडं वाहत असेल त्या बाजूला. तिथून पाटी दिसते. पुतण्या आतून विचारतो, "काका, चार नंबरचं काय करू?" या खेपेला मी त्यालाच ठरवायला सांगितलं. त्यानं एका खणात खरी अंडी ठेवली, बाकी पाच खणांत लाकडाची. खऱ्या अंड्यांचा आज सोळावा दिवस आहे. नर अकराच्या सुमाराला बसायला येईल.